चेक बियर-वाइन टूर: ७,१४,४२० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

चेक प्रजासत्ताकात नऊ दिवस, चार माणसं, टूर एका एजंटाकडून, विमानाची तिकिटं आमची आम्ही काढलेली. माणशी १,६२,००० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी ८,१००, वर ५ टक्के टीसीएस (एजंटाने आपल्याकडून घेऊन आपल्या पॅनवर सरकारकडे भरायचा कर) ८,५०५, एकूण १,७८,६०५. चौघांचे ७,१४,४२०. आकडे रुपयापर्यंत लिहितोय, कारण या नेटक्या पावतीनेच विश्वास बसला. फसवणारा माणूस टीसीएस कशाला लावेल, असं वाटलं. लावतो आणि खिशात घालतो. आयकर खात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये आमच्या पॅनवर त्यातला एक रुपयाही दिसत नाही. पावतीवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर एका फर्निचरच्या दुकानाचा निघाला. ही तपासणी कुणालाही करता येते, दोन मिनिटं लागतात. पैसे द्यायच्या आधी करा.

प्रकार नेहमीचाच. फ्री कॅन्सलेशनवर हॉटेलं बुक करायची, कन्फर्मेशन पाठवायचं, त्यावर युरोपचा शेंगेन व्हिसा लागला की गुपचूप रद्द करायची. या एजंटाने आणखी एक शहाणपणा केला होता. प्रागच्या पहिल्या तीन रात्री खऱ्या ठेवल्या. त्या तीन रात्रींनी पुढे आमची केस कशी मारली, ते खाली येईलच.

खरी चीड वेगळ्याच गोष्टीची आहे. चोरी प्रोग्रॅमच्या कागदावरच लिहिलेली होती आणि ती वाचता येण्याइतकं आम्हाला कळत होतं. टूर मे महिन्यातली. सहाव्या दिवसापुढे छापलं होतं: 'मोराव्हियात ताज्या बुर्चाकचा आस्वाद'. मोराव्हिया हा चेकचा वाइनचा भाग. बुर्चाक म्हणजे आंबत असलेला द्राक्षरस, अर्धवट वाइन. चेक कायद्याने तो फक्त १ ऑगस्ट ते ३० नोव्हेंबर विकता येतो, तोही तिथल्याच द्राक्षांचा. मे महिन्यात वेलीवर धड फुलोराही नसतो. एजंटाला फोन केला, तर म्हणाला, "सर, कोल्ड स्टोरेजचा असतो." बुर्चाक साठवताच येत नाही. बाटलीत तो आंबतच राहतो, म्हणून झाकण सैल ठेवतात. घट्ट लावलं तर गॅसने बाटली फुटते. हे माहीत असताना "बरं" म्हणून फोन ठेवला. त्या दिवसापर्यंत फक्त २,००,००० गेले होते. उरलेले ५,१४,४२० त्यानंतर चार दिवसांनी पाठवले.

का पाठवले? सप्टेंबरच्या टूरचा कागद कॉपी केला असेल, एवढंच वाटलं. व्हिसाची तारीख लागली होती, विमानाची तिकिटं परत न मिळणारी होती. असं कुणालाही वाटलं असतं, हे मी आजही म्हणेन.

त्याच पानावर दुसरी चूक होती: 'पिल्सनर, १२ टक्के'. चेक बियरवरचा १२ हा आकडा अंशांचा असतो. आंबवण्याआधीच्या रसात किती अर्क होता, ते तो सांगतो. अल्कोहोलशी त्याची गल्लत करायची नसते. पिल्सनर उर्केलमध्ये अल्कोहोल ४.४ टक्के आहे. दहा अंशांपर्यंतची ती 'विचेप्नी', अकरा-बाराची 'लेझाक', हे तिथल्या साध्या पबातही कळतं. ज्याला हे ठाऊक नाही त्याने बियर टूर आखलेली नाही, कुठून तरी उचललेली आहे.

कागदावरचं पिल्सेन शहरातलं 'व्हीआयपी तळघर' तर शुद्ध लूट. १८४२ साली योसेफ ग्रोलने जिथे पहिली पिल्सनर काढली, त्या ब्रुअरीच्या साध्या फेरीतच तळघरात नेतात आणि ओकच्या पिंपातून न गाळलेली बियर देतात. सगळ्यांना देतात. फेरीचं तिकीट भाषा आणि वेळ निवडून ऑनलाइन काढायचं, प्रागहून ट्रेनने दीड तासाच्या आत-बाहेर पोचायचं, संपलं. आमच्या व्हाउचरवरचा क्यूआर कोड ब्रुअरीच्या होमपेजवर जात होता, बाकी काही नाही. काउंटरवरच्या मुलीने तो दोनदा स्कॅन केला आणि फोन परत दिला. त्या दिवशीची इंग्रजी फेरी भरलेली होती.

मोराव्हियातल्या मिकुलोव्हला हॉटेलवाल्याने स्क्रीन फिरवून दाखवली. बुकिंग व्हिसा लागल्यानंतर तिसऱ्या दिवशी रद्द. दोन खोल्या, दोन रात्री, नव्याने १३,६०० कोरुना भरले, म्हणजे सुमारे ५२,००० रुपये. कन्फर्मेशन हातात आलं की हॉटेलला स्वतः मेल टाका. व्हिसा लागल्यावर पुन्हा टाका आणि निघण्याच्या आठवड्यात तिसऱ्यांदा.

मोराव्हियातली छोटी तळघरं घरगुती असतात, दुकानासारखी उघडी नसतात. आधी ठरवून गेलात तर मालक स्वतः काचेच्या लांब नळीने, 'कोश्तीर'ने, पिंपातून ग्लासात वाइन सोडतो. आमच्या कागदावर 'खासगी तळघर' होतं, पण मालकाचं नाव नाही, गाव नाही, फोन नाही. यातलं काहीच नसेल तर पुढचा हप्ता देऊ नका. वाल्तित्सेच्या राजवाड्याच्या तळघरात सलोन वीन आहे, त्या वर्षीच्या निवडक शंभर वाइन. तिथे ठरावीक वेळेचं तिकीट काढून आपल्या हाताने चाखता येतं. त्याला एजंट कशाला हवा? आणि गाडी भाड्याने घेणार असाल तर चालवणाऱ्याने थेंबभरही घ्यायची नाही. तिथे मर्यादा शून्य आहे.

आता इथली दारं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर उत्तर मिळालं: पैसे तुम्ही स्वतः एनईएफटीने पाठवलेत, यात सायबर काही नाही. बँकेचंही तेच. क्रेडिट कार्ड वापरलं असतं तर चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, तरी मागता आला असता. 'कार्डावर २ टक्के जादा' म्हणत त्याने तो रस्ता आधीच बंद केला होता. ते २ टक्के भरा. पोलीस ठाण्यात चार फेऱ्या झाल्या. "तीन रात्री राहिलात ना? मग सेवा दिली, कमी दिली. दिवाणी मामला आहे." रद्द केल्याची तारीख, खोटं व्हाउचर, दुसऱ्याचा जीएसटी नंबर, सगळं टेबलावर मांडलं. ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ची सरळ फसवणूक आहे. साहेबांनी कागद उलटलेसुद्धा नाहीत. "बियर प्यायलाच गेला होतात ना?" असं विचारलं. म्हणजे बियरसाठी गेलेल्याचे सात लाख लुटले तर चालतात? प्रागमध्ये करन्सी बदलणाऱ्याने वाईट दर दिला तर १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांत रद्द करण्याचा हक्क २०१९पासून कायद्याने आहे. परक्या पर्यटकालाही. आणि इथे आपल्याच शहरात तक्रार लिहून घ्यायला माणूस पेन उचलत नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी २०० रुपये, मुदत दोन वर्षं, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. व्हॉट्सॲपचे मेसेज डिलीट करू नका. चॅट एक्सपोर्ट करून ठेवा.

गेल्या आठवड्यात तोच मोबाइल नंबर दुसऱ्या कंपनीच्या नावाने जाहिरातीत दिसला. चेक वाइन टूर, सप्टेंबर, माणशी १,७५,०००. प्रोग्रॅम मागवून पाहिला. दुसऱ्या दिवसापुढे अजून 'पिल्सनर, १२ टक्के'च छापलेलं आहे.