सहा वर्षं जपला, चौदा वेळा घातला: चामडी बूट, नवा सोल आणि अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

बुटाचं नाव घेत नाही, पण ज्यांच्याकडे आहे ते ओळखतील. तपकिरी, लेसचा, वर अस्सल कातडं आणि खाली जाड दिसणारा पण वजनाला हलका असा काळा पीयूचा, म्हणजे फेसाळ प्लॅस्टिकचा, सोल. शाळेत चालतो, लग्नात शोभतो, दिवसभर उभं राहिलं तरी पोटऱ्या भरून येत नाहीत. हे सगळं खरं आहे. मला बोलायचंय ते फक्त सोलबद्दल.

ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळीच्या तोंडावर साताऱ्यात घेतला. किंमत ३,४९९ रुपये. माध्यमिक शाळेतल्या शिक्षकाला एका बुटापायी एवढे पैसे तेव्हाही जड होते, आजही आहेत. म्हणून रोज शाळेत जुनी सँडल आणि हा बूट चांगल्या कार्याला, असं ठरलं. घरी आलं की ओल्या फडक्याने पुसायचो, वाळला की पॉलिश, आत वर्तमानपत्राचे बोळे. मग तो दुकानातून आलेल्या पातळ कागदात गुंडाळायचा, ती पांढऱ्या दाण्यांची पुडी सोबत ठेवायची, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीला गाठ, पिशवी खोक्यात आणि खोकं माळ्यावर. मधली दोन वर्षं कोरोनात गेली, लग्नं झाली ती मोजक्या माणसांत. बायकोने आणि मी बसून आठवलं तेव्हा आकडा आला चौदा. सहा वर्षांत चौदा वेळा.

डिसेंबर २०२४ मध्ये कराडला भाचीचं लग्न होतं. मी एकुलता एक मामा. गाडीतून उतरून हॉलच्या पायऱ्या चढलो तेव्हा उजवी टाच जरा खाली बसल्यासारखी वाटली. खडा असेल म्हणून पाय झटकला. दहा-बारा पावलं गेलो आणि मागून ताईची धाकटी सून म्हणाली, "मामा, तुमच्या मागे काय पडतंय?" वळून बघितलं तर पांढऱ्या फरशीवर दारापासून माझ्यापर्यंत काळ्या चुऱ्याची ओळ. वाकून एक तुकडा उचलला. सुपारीएवढा होता. बोटांत धरला तर शिळ्या केकसारखा विरघळला आणि बोटं काळी चिकट झाली, साबणाने दोनदा धुवावी लागली. अर्ध्या तासात दोन्ही सोल गेले. वरचं कातडं मात्र आरशासारखं चमकत होतं. भाचीला मंडपात घेऊन यायला मी अनवाणी गेलो. तिथं तसंही पायात काही नसतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही, पण नंतर जेवणावळीत फिरताना, पाहुण्यांना निरोप देताना दाजींच्या घरातल्या चपला पायात होत्या आणि त्या मला दोन बोटं मोठ्या होत्या. सहा वर्षं ज्या दिवसासाठी जपला त्याच दिवशी गेला, याचं मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी खोकं आणि बूट घेऊन दुकानात गेलो. बिल होतं, मी बिलं टाकत नाही. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, वॉरंटी तीन महिन्यांची. मी म्हणालो, वॉरंटी राहू दे, चौदा वेळा घातलेल्या बुटाचा सोल असा का जातो ते सांग. त्याचं उत्तर: "सर, वापरायला पाहिजे होता." मला राग आला. जपून ठेवलेली वस्तू जपल्यामुळे खराब होते हे ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. कंपनीला मेल केला, त्यावर दोन ओळींचं उत्तर आलं की ही 'नैसर्गिक झीज' आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिथेही कंपनीने तेच शब्द लिहून दिले आणि नव्या खरेदीवर पंधरा टक्के सवलत देऊ केली. सवलत मी घेतली नाही.

मी मराठी शिकवतो, त्यामुळे 'झीज' हा शब्द मला सोडवेना. झीज घासून होते. पायरी झिजते, सहाण झिजते. माझ्या बुटाच्या सोलचा जो तुकडा शाबूत राहिला होता त्यावर साच्यातून आलेले बारीक ठिपके तसेच होते, हाताला टोचत होते. जमिनीला नीट लागलाही नव्हता तो. याला झीज म्हणायचं कसं? हे कंपनीला दुसऱ्या मेलमध्ये लिहिलं. उत्तर आलं नाही.

कारण कळलं ते आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडून. चुरा डबीत घालून नेला होता. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, फेस आणून साच्यात ओतलेलं. त्यातलं पॉलिएस्टर जातीचं जे असतं त्याच्या साखळ्या हवेतल्या बाष्पाने तुटतात. याला हायड्रोलिसिस म्हणतात. तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढची साखळी आणखी लवकर तोडतं, म्हणजे एकदा सुरू झालं की वेग वाढत जातो. उष्णता आणि दमटपणा असला की काम सोपं. साताऱ्याचा पावसाळा सगळ्यांना माहीत आहे, भिंतींना ओल येते, डब्यातलं मीठ पाणी सोडतं. अशा ओलीत मी पिशवीला गाठ मारत होतो. ती पुडी एकदा ओल पिऊन भरली की पुढे काही शोषत नाही, आणि मी तर सहा वर्षं तीच ठेवली होती. जुन्या रेनकोटाच्या आतला थर चिकट होऊन सोलतो, प्रवासी बॅगेचं अस्तर हाताला लागतं, तेही बहुतेक हेच, पीयूचा लेप. बूट बनवणारेही सांगतात की असे बूट न घालता ठेवले तर उलट लवकर जातात. दुकानातला मुलगा चुकीचं बोलत नव्हता, हे मला इथे कबूल करायला हवं. पण मग हे विकताना का सांगत नाहीत?

त्यानंतर खोकं पुन्हा वाचलं. लेबलवर किमतीसोबत उत्पादनाचा महिना छापलेला असतो, तो नियमच आहे. माझ्या खोक्यावर ऑगस्ट २०१७ होता. म्हणजे मी विकत घेतला तेव्हाच बूट चौदा महिन्यांचा होता. माझ्या हिशेबाने सहा वर्षं, सोलच्या हिशेबाने सात वर्षं चार महिने. दुधाच्या पिशवीवर, ब्रेडवर तारीख बघणारे आपण, बुटाच्या खोक्यावर कधी बघतो? मी तर किमतीचा आकडा सोडून काही वाचलं नव्हतं. दिवाळीच्या सेलमध्ये जो माल स्वस्त मिळतो त्यावर आधी हा महिना बघा.

माझी मागणी एवढीच आहे. खोक्यावर सोल कशाचा आहे ते लिहा आणि त्याचं आयुष्य किती ते लिहा. औषधाच्या गोळीवर लिहिता येतं तर बुटावर का नाही?

जानेवारीत बूट टाकून द्यायला निघालो होतो. बायको म्हणाली, कातडं बघा, टाकता कशाला. पोवई नाक्याच्या बाजूला पत्र्याच्या स्टॉलमध्ये एक गटई काम करणारे काका बसतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बूट उलटा केला, उरलेल्या फेसात अंगठ्याचं नख दाबलं, खळगा पडला तो भरून आलाच नाही. म्हणाले, "सर, ह्यो फोम हाय. पेटीत बसूनच मरतुया. लग्नसराईत आठवड्याला दोन-तीन येत्यात माझ्याकडं, समदी अशी जपल्यालीच." मग रापीने उरलेला सगळा फेस खरवडून काढला. नवी रबर शीट पायाच्या मापाने कापली, सोल्युशन लावून वाळू दिलं, ठोकून बसवली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने आरीने सगळ्या कडेने शिवली. नुसतं चिकटवून दिलं असतं तर स्वस्त पडलं असतं, पण त्यांनी स्वतःहून सांगितलं की शिवून घ्या, परत बदलायचा झाला तर उसवून बदलता येतो. ४८० रुपये.

पहिले दोन महिने मी खूश नव्हतो, हेही लिहितो. बूट जड झाला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक बूट ५२० ग्रॅम भरला, आधी किती होता मोजलं नव्हतं, पण पायाला फरक कळत होता. फेसाचा जो मऊपणा होता तो गेला, सहाव्या तासाला टाचा बोलायला लागायच्या. मार्चमध्ये कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, सोल बदलण्यात अर्थ नाही, नवा घ्या. मग आत घालायचा पातळ गादीचा तुकडा टाकला आणि तो प्रश्न संपला.

दुसरा प्रश्न पावसाचा. २०२५ ला पाऊस मे महिन्यातच उतरला. शाळेच्या व्हरांड्यात शहाबादी फरशी आहे, तिच्यावर ओल्या पायाने या रबराने दोनदा दगा दिला, एकदा कठड्याला धरलं म्हणून वाचलो. पुन्हा काकांकडे. त्यांनी रापीने सोलवर आडव्या खाचा मारून दिल्या, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून घसरलेला नाही. ऑगस्टमध्ये डाव्या बुटाच्या नाकाशी शिलाई थोडी उसवली, तिचे ६० रुपये झाले.

या सगळ्यात एप्रिलमध्ये मी माळा रिकामा केला. काय काय जपून ठेवलंय आणि त्यातलं किती जिवंत आहे, हे बघायचंच होतं. वडिलांचा टेरिकॉटचा सफारी, १९८४ चा, इस्त्री केल्यासारखा. आईने विणलेला लोकरीचा स्वेटर, बाहीला कसर लागलेली, बाकी चांगला. माझ्या लग्नातल्या सुटाच्या पॅंटचं कापड ठीक, कमरेतलं इलॅस्टिक मात्र ताणलं की कुरकुरून तुटलं. आईच्या सुती लुगड्यांची वाकळ आजही अंगावर आहे. आणि वडिलांची कोल्हापुरी, २००४ सालची. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, कातड्याच्याच वादीने शिवलेलं, फेस नाही, सोल्युशन नाही. वर बुरशीची पांढरी साय होती, ती पुसून तेलाचा हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी पायात घालून अजिंक्यताऱ्याच्या चढाला निघालो. काही झालं नाही. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यात आपला सातारा आणि सांगली जिल्हाही आहे, हे मला तेव्हाच कळलं. त्या आठवड्यात मी ठरवून टाकलं होतं की यापुढे पायात कातड्याशिवाय काही घालायचं नाही. जूनमध्ये एका सरीत ती भिजली, तळ फुगून पापुद्रे सुटले, आणि ते मत बदललं. तिच्यासाठी आठ महिने, बाकीच्या चार महिन्यांना रबर.

माळा आवरताना एक गोष्ट मनाला लागली. आई दर वैशाखात कपाट गच्चीवर रिकामं करायची. एक-एक लुगडं उन्हाला, लोकरी कपड्यांत कडुलिंबाचा पाला. बायको तिच्या पैठणीची घडी दरवर्षी बदलते, नाहीतर घडीवरच रेशीम चिरतं असं तिला तिच्या आईने सांगितलंय. म्हणजे घरातल्या बायका जे जपत होत्या ते दरवर्षी बाहेर काढत होत्या, हात लावत होत्या. बुटाचं खोकं मी कधी उन्हाला नेलं नाही. मी त्याला फक्त गाठ मारली.

आता हिशेब. पहिल्या सहा वर्षांत ३,४९९ रुपये आणि चौदा वेळा, म्हणजे एका वेळेला जवळपास अडीचशे रुपये. जानेवारीपासून आजपर्यंत ५४० रुपये आणि साधारण १८० दिवस, दिवसाला तीन रुपये. हा बूट आता माझा रोजचा आहे. शाळेत, बाजारात, रविवारी साताऱ्यातल्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत फिरायला. कातड्यावर नाकाजवळ दोन सुरकुत्या पडल्यात, पॉलिश तेवढं चमकत नाही.

हाच बूट पुन्हा घेईन का? पीयूच्या सोलचा नाही. वरचं कातडं मात्र या किमतीत याहून चांगलं मी पाहिलेलं नाही, कंपनीवर राग असला तरी हे खोटं बोलणार नाही. ज्यांच्याकडे माळ्यावर असा बूट आहे त्यांनी आजच खाली काढा. सोलच्या कडेला, टाचेच्या वर, अंगठ्याचं नख दाबा. खळगा भरून आला तर रोज घालायला लागा. तसाच राहिला किंवा बारीक भेगा दिसल्या, तर लग्नाच्या आधी सोल बदलून घ्या, लग्नात नको.

मागच्या शनिवारी काकांना बूट दाखवला. उजव्या टाचेची बाहेरची बाजू एका काडीएवढी उतरली आहे. "आता ही झीज," ते म्हणाले. टाचेचा तुकडा पुढच्या महिन्यात टाकायचा ठरलाय, ४० रुपये सांगितलेत. बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला मी बॉलपेनने लिहून ठेवलंय: बूट ऑगस्ट २०१७, सोल जानेवारी २०२५.