ई-सायकल दिवाळीपासून वापरतोय: २५ चं लिमिट राहू दे, थ्रॉटलचं बघा

बॅटरी, रेंज यावर सगळ्यांनी लिहिलंय, ते परत सांगत नाही. ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवरची बॅटरी, म्हणजे फुल चार्जला अर्धा युनिटपण लागत नाही, पेट्रोल भरून कंटाळलेल्या माणसाला अजून काय पाहिजे.

लिहायला बसलो ते कंट्रोलरमुळं, म्हणजे बॅटरीतनं मोटरला किती करंट सोडायचा ते ठरवणारा डबा. ऐन एप्रिलच्या उन्हात विजापूर रोडला गाडी बंद पडली. सर्व्हिसवाला म्हणतो पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. सोलापुरात एप्रिलमध्ये पाणी कुठनं जाणार ओ? भांडून अर्ध्या पैशात बदलून घेतला, पण ते अर्धे तरी का द्यायचे, हा राग अजून आहे. त्यात तो कंट्रोलर बसवणारा पोरगा म्हणतो, "काका, लिमिट काढून देऊ का, चाळीसला पळंल." नको म्हणून सांगितलं.

२५० वॅटच्या आत, ताशी २५ किमीच्या आत आणि बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत असली तरच आपल्याकडं ती मोटार वाहन धरत नाहीत. लिमिट काढलं की नोंदणी, विमा, लायसन सगळं मागं लागतं. पण मला कागदापेक्षा संभाजी तलावाची काळजी आहे. सकाळी तिथं म्हातारी माणसं चालतात, बारकी पोरं मधनंच पळतात. ४० ची धडक २५ च्या अडीचपट बसते, आणि ब्रेक तेच सायकलचे.

सुरुवातीला लिहिलं असतं तर लिमिट आहे तेवढं बास म्हणालो असतो. आता नाही म्हणणार. २५० वॅट ही मोटर सतत देते ती ताकद, सुटताना माझा कंट्रोलर १५ अँपिअर सोडतो, ३६ गुणिले १५ म्हणजे ५४० वॅट बॅटरीतनं ओढले जातात. गर्दीत थ्रॉटल, म्हणजे पॅडल न मारता मोटर पळवायची हँडलवरची मूठ, जरा पिळला की गाडी एकदम पुढं झेपावते, वेग दहासुद्धा नसतो तरी पुढच्या आजोबांना धक्का बसू शकतो. पॅडल असिस्टच्या, म्हणजे पॅडल मारताना मोटर जोर देते त्याच्या, पहिल्या लेव्हलला हे होत नाही. युरोपात पण २५० वॅट आणि २५ चंच लिमिट आहे, पण पॅडल मारल्याशिवाय मोटर ओढत नाही. अमेरिकेत ७५० वॅटपर्यंत चालतं, तरी बऱ्याच ट्रेलवर बिनथ्रॉटलच्या, ज्याला तिकडं क्लास १ म्हणतात, त्या ई-सायकललाच सोडतात.

विजापूर रोडला मागं ट्रक असला की २५ कमी पडतं, हे खरंय, तिथं मी कडेनं जातो. तलावाकडं वळायच्या आधी थ्रॉटलचा कनेक्टरच काढून ठेवतो. एवढ्या पैशात कंपनीनं एक बटण द्यायला पाहिजे होतं.

सायकलला पाचपैकी चार, सर्व्हिसला शून्य. नवीन घेणार असाल तर डिस्प्लेवरून थ्रॉटल बंद होतो का, ते दुकानातच चालवून बघा.