फिल्टर कोणता लावायचा: एमसीई, पीव्हीसी का आणखी काही?

वाळूज-शेंद्र्याला नाहीतर जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये वर्कप्लेस एअर सॅम्पलिंग, म्हणजे कामाच्या जागची हवा पंपानं फिल्टरमधून ओढून त्यातली धूळ-धूर मोजणं, म्हणलं की सगळ्यांचं लक्ष पंपाकडं, कॅलिब्रेशन झालंय का, बॅटरी शिफ्टभर टिकंल का, आणि फिल्टरचं विचारलं तर "कपाटात एमसीई पडलेत ना, लावा तेच". तसं करू नका. नवीन बॉक्स मागवायच्या आधी एवढंच विचारा की लॅब त्या फिल्टरचं पुढं काय करणारे, वजन करणार, ॲसिडात विरघळवणार का मायक्रोस्कोपखाली बघणार.

विरघळवायचं असंल तर एमसीई, म्हणजे सेल्युलोज एस्टरवाला, ०.८ मायक्रॉन भोकाचा, ३७ मिमीच्या कॅसेटमधे (फिल्टर धरणारी प्लॅस्टिकची डबी). फर्नेसचा धूर, वेल्डिंग, शिसं, मँगनीज, निकेल, सगळं याच्यावर बसतं, कारण ॲसिडात फिल्टर विरघळतो नि मेटल मोकळं होतं. ॲसबेस्टॉसलाही हाच, फक्त २५ मिमीचा, कारण ॲसिटोनच्या वाफेनं तो काचेसारखा पारदर्शक होतो नि तंतू मोजता येतात. याची खोड एकच पण लई वाईट, हवेतली ओल पितो.

म्हणून वजन करायचं असंल तर पीव्हीसी, ५ मायक्रॉनचा. हिशोब बघा, स्टोन क्रशरवर सायक्लोन (जाडी धूळ बाजूला काढणारं छोटं यंत्र) लावून मिनिटाला २.५ लिटरनं ८ तास पंप चालवला तर १.२ घनमीटर हवा जाते, रेस्पिरेबल धूळ, म्हणजे फुफ्फुसात खोल जाणारी बारीक धूळ, ०.५ मिलिग्रॅम प्रति घनमीटर असली तर फिल्टरवर बसणार जेमतेम ०.६ मिलिग्रॅम. एवढ्याशा वजनात श्रावणातली ओल मिसळली तर आकडा धुळीचा का पाण्याचा कोण सांगणार? पीव्हीसी पाणी धरत नाही, सिलिकालाही हाच चालतो. मात्र एप्रिल-मेमधे आपल्याकडं हवा इतकी कोरडी की पीव्हीसीला स्टॅटिक चढतं, फिल्टर चिमट्याला चिकटतो नि काट्यावर वजन स्थिर होत नाही, त्यामुळं लॅबकडं स्टॅटिक काढायचं साधन आहे का ते विचाराच.

५ मायक्रॉनची भोकं म्हणजे बारीक धूळ निसटंल असं बऱ्याच जणांना वाटतं. फिल्टर चाळणीसारखा चालत नाही, बारीक कण धागेदोऱ्यांना आपटून, घासून, भरकटत जाऊन चिकटतात, म्हणून भोकापेक्षा लहान कणही अडकतात.

प्लेटिंग शॉप किंवा स्टेनलेसचं वेल्डिंग असंल आणि हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियम सहा, त्याचं जास्त घातक रूप, मोजायचं असंल तर मेटल आहे म्हणून एमसीई उचलू नका. सेल्युलोजवर तो क्रोमियम सहाचा क्रोमियम तीन, म्हणजे कमी घातक रूप, होत जातो नि रिपोर्ट खोटा चांगला येतो. इथं पीव्हीसीच.

बाकीचे लागतील तेव्हाच घ्या, पडून राहतात. सीएनसीच्या कटिंग ऑइलच्या मिस्टला (हवेत उडणारे बारीक थेंब) २ मायक्रॉनचा पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनचा, महाग आहे पण सॉल्व्हंटला दाद देत नाही. पेंट शॉपमधल्या आयसोसायनेटला (पेंटच्या हार्डनरमधलं रसायन) केमिकल लावलेला ग्लास फायबर, तो फ्रीजमधे ठेवावा लागतो, साध्या ग्लास फायबरवर सिलिका मात्र कधीच नको, फिल्टरमधेच सिलिका आहे. गोडाऊनमधे डिझेलची फोर्कलिफ्ट फिरते, तिच्या धुराला आधी भाजून घेतलेला क्वार्ट्झ, कारण लॅब तो भट्टीत तापवून कार्बन मोजते.

आता नेहमीचा घोळ. कंपनी म्हणते एकाच फिल्टरवर धूळ पण द्या नि मेटल पण द्या, पैसे वाचतात. पीव्हीसीवर वजन करून तोच ॲसिडात टाकता येतो, पण तो पूर्ण विरघळत नाही, लॅबची तयारी पाहिजे. दुसरा रस्ता म्हणजे मॅच्ड-वेट एमसीई, एकाच कॅसेटमधे सारख्या वजनाचे दोन फिल्टर, ओल दोघंही सारखीच पितात नि धूळ फक्त वरचा धरतो, वरच्यातून खालचं वजन वजा केलं की काम झालं. जरा महाग पडतात, पण जून ते सप्टेंबरच्या कामाला मी तेच घेईन.