नॉक्टुआ एनएच-डी१५: तापमान उतरलं, पीसी पडायचा मात्र थांबला नाही

आधी निकाल सांगून टाकतो. ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे मूळ वेगापेक्षा जास्त पळवलेला सीपीयू शंभर अंशांना टेकत असेल तर हा कूलर पैसे वसूल आहे. पण पीसी मध्येच निळी स्क्रीन देतोय, रेंडर अर्ध्यावर सोडून रीस्टार्ट होतोय आणि म्हणून तुम्ही कूलर शोधताय, तर जरा थांबा. माझ्या पीसीला ही दोन्ही दुखणी एकदमच होती, त्यामुळे सगळा दोष गरमीचाच असं कुणालाही वाटलं असतं.

माझ्याकडे इंटेलचा आय७-८७००के आहे. २०१७ सालचा, सहा कोअरचा. सगळे कोअर कामाला लागले की तो मुळात ४.३ गिगाहर्ट्झवर चालतो. मी सगळे ५ वर नेलेत, कारण ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं रेंडर (दृश्यातून चित्रं तयार करणं) रात्री लावून झोपायचं आणि सकाळी ते तयार हवं. वेग वाढला फक्त १६ टक्के. पण त्या वेगाला चिप टिकावी म्हणून १.२० च्या आसपासचं व्होल्टेज १.३५ पर्यंत न्यावं लागलं, आणि उष्णता वाढते ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ही वाढ आणि वेगाची वाढ यांचा गुणाकार केला की जवळपास दीडपट भरते. त्यात या चिपच्या धातूच्या झाकणाखाली सोल्डर नाही, पेस्ट आहे, म्हणजे उष्णता कूलरपर्यंत पोचायच्या आधीच अडते. आधीचा एका पंख्याचा छोटा टॉवर कूलर यापुढे साफ आडवा झाला. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १०० दिसायचं आणि तिथेच अडकायचं, कारण तिथे पोचलं की चिप स्वतःच वेग कापते. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये ५, प्रत्यक्षात ४.६. असला ओव्हरक्लॉक काय कामाचा?

डी१५ खोक्यातून काढला की पहिल्यांदा जाणवतं ते वजन. दोन पंख्यांसह १३२० ग्रॅम. १४० मिलिमीटरचे दोन पंखे, दोन मनोरे आणि मधून वर गेलेल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या सहा नळ्या (हीट पाइप). बसवायला मदरबोर्डच्या मागे धातूची प्लेट, पुढे दोन पट्ट्या आणि त्यावर कूलर. मधला पंखा काढल्याशिवाय स्क्रूपर्यंत पोचता येत नाही, पण त्यासाठी लांब स्क्रूड्रायव्हर खोक्यातच दिलाय, पेस्टची नळीही आहे. दोन्ही स्क्रू आलटून-पालटून, थोडे थोडे पिळायचे. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर कूलर तिरका बसतो, पेस्ट एका बाजूला सरकते आणि मग एक-दोन कोअर बाकीच्यांपेक्षा बरेच गरम दिसतात. स्क्रू शेवटाला गेले की आपोआप थांबतात, म्हणून 'अजून थोडं आवळू का' हा प्रश्न उरत नाही. पंख्यांच्या तारेच्या क्लिपा मात्र बोटांची परीक्षा बघतात.

पुढचा पंखा रॅमच्या डोक्यावर येतो. त्याच्याखाली ३२ मिलिमीटरच जागा आहे. माझ्या रॅमवर उंच हीटसिंक असल्याने मी पंखा वर सरकवला, आणि मग कूलरची मूळची १६५ मिलिमीटर उंचीही तेवढी वाढली. केसची बाजू कशीबशी बंद झाली. तेव्हा आधी मोजपट्टी काढा. तपकिरी-क्रीम रंगाबद्दल मी भांडणार नाही, मला तो आवडतो.

आता आकडे. तेच रेंडर, तेच व्होल्टेज, आणि तापमान ८० च्या जरा खाली येऊन स्थिरावलं. वेग पूर्ण ५. आवाजाचं म्हणाल तर पंखे फिरताहेत हे कळतं, पण खालच्या पट्टीतली घरघर आहे, शिट्टी नाही. त्याच खोलीत झोपता येतं. प्राइम९५ या ताण-चाचणीच्या सॉफ्टवेअरमधली जड चाचणी (स्मॉल एफएफटी, एव्हीएक्ससकट) लावली की अजूनही नव्वदी ओलांडते, पण रोजच्या कामात तसला भार कधीच येत नाही.

आणि तरीही पीसी पडतच होता! ७८ अंशांवर.

इथे कूलरला दोष देण्यात अर्थ नव्हता. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी होत्या, निळ्या स्क्रीनवर कधी 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट', कधी 'डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर'. ओव्हरक्लॉक केलेल्या चिपवर हे दिसलं की पहिला संशय कोअर व्होल्टेज कमी पडतंय यावर घ्यायचा. तरी रॅमवरचा संशय दूर करावा म्हणून एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) बंद करून चालवलं. तसंच पडलं. रात्रभर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर लावलं, एकही चूक नाही. मग रेंडर चालू असताना व्होल्टेजच्या आकड्यावर डोळे लावून बसलो. बायोसमध्ये १.३५ दिलेलं, आणि भार आला की १.२८! भाराखाली व्होल्टेज थोडं बसतं, ते तसं बसावं अशीच रचना असते. पण माझ्या चिपला ५ गिगाहर्ट्झसाठी ते अपुरं होतं.

बायोसमधलं लोड-लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे भाराखाली व्होल्टेज किती बसू द्यायचं ते ठरवणारं सेटिंग, दोन पायऱ्या वर नेलं. सर्वांत वरची पायरी मुद्दाम टाळली, कारण तिथे भार अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं, आणि तो झटका चिपच बसून खाते. आता भाराखाली १.३३ टिकतं. तापमान ८४ वर गेलं आणि पडणं बंद झालं.

डी१५चं खरं मोल मला इथे कळलं. जुन्या कूलरवर हे जादा व्होल्टेज देताच आलं नसतं, चिप आधीच शंभरीवर होती. स्थैर्य कूलरने दिलं नाही, पण ते विकत घ्यायला लागणारी ढील त्याने दिली. शिवाय त्याच्या पंख्यांची थोडी हवा सॉकेटभोवतीच्या व्हीआरएमवरही (सीपीयूला वीज पुरवणाऱ्या भागांवर) जाते. लिक्विड कूलर घेतला तर रेडिएटर जातो केसच्या टोकाला आणि व्हीआरएमला वारा लागेलच असं नाही, ओव्हरक्लॉकमध्ये ही गोष्ट लहान नाही. यात बंद पडायला पंपही नाही. वॉरंटी सहा वर्षांची.

पीसी घेऊन प्रवास करणाऱ्यांनी मात्र विचार करा. एवढं वजन मदरबोर्डला लटकलेलं ठेवून धक्के खाऊ देणं मला पटत नाही. निघताना कूलर काढा किंवा केस आडवी ठेवा.

घेण्याआधी एक चाचणी फुकटात होते. केसची बाजू उघडी ठेवून तोच भार द्या. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं तर तुमचा कूलर ठीक आहे, केसमध्ये हवा खेळत नाहीये. पुढची जाळी साफ करा, पंख्यांच्या दिशा तपासा. काहीच फरक पडला नाही, तर डी१५ घ्या.