आठ महिन्यांचा अनुभव: भिंतीतून नेणारा बाक आणि दुप्पट झालेलं चिलखत

जानेवारीत धाकट्या भावाने लॅपटॉपवर हा गेम टाकून दिला आणि गणपती येऊन गेले तरी मी खेळतेच आहे. रोज रात्री दीड-दोन तास, शनिवारी जास्त. गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कंपनीकडे माझी एक तक्रार अजून अडकलेली आहे. हजारो खेळाडूंचं एकच मोठं जग असलेला हा रोल-प्लेइंग गेम. तलवारी, औषधी वनस्पती, घोडे, लिलावघर सगळं आहे. ग्राफिक्स सुंदर. विक्रोळीतून पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, ७० मिलिसेकंदांच्या आसपास मिळतो, रात्री नऊनंतर थोडा चढतो. बाकी फीचर्सची यादी कुठेही मिळेल. मला लिहायचंय ते यातल्या ग्लिचबद्दल, म्हणजे प्रोग्राममध्ये राहून गेलेल्या चुकांबद्दल.

पहिला बाकाचा. बंदराच्या गावात खानावळीमागे एक लाकडी बाक आहे. त्यावर बसायचं, घोड्याला शिट्टी मारायची आणि घोडा येऊन उभा राहिला की लगेच उठायचं. गेम तुम्हाला उभं करायला मोकळी जागा शोधतो. पुढे घोडा, म्हणून मागे ढकलतो, आणि मागे तर भिंत! दोन पावलं चाललं की तुम्ही कोठारात, जिथे एरवी चाळिसाव्या लेव्हलशिवाय प्रवेश नाही. आत लुटण्यासारखं काही नाही. रिकामी पिंपं, आणि एक कोपरा जिथे जमीन रंगवायचीच राहून गेलीय. तिथून खाली वाकून बघितलं की अख्खा समुद्र तळापासून दिसतो, माशांची पोटं दिसतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा अंधारात सात जण आधीच बसलेले. व्हॉइस चॅटवर आवाज आला, "या ताई, आत सरका, अजून दोघं येतायत." अनोळखी सर्व्हरवर असं मराठी ऐकून मला किती बरं वाटलं! ठाण्याच्या एक ताई, नाशिकचे दोन दादा आणि बाकीचे. तोच आज आमचा गिल्ड, म्हणजे एकत्र खेळणारा गट, आहे.

अशा चुका या प्रकारच्या गेमच्या जन्मापासून आहेत. १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन'ची चाचणी चालू असताना खुद्द निर्माते रिचर्ड गॅरियट 'लॉर्ड ब्रिटिश' हा राजा होऊन लोकांसमोर आले होते. राजाला मरण नाही असं ठरलेलं, पण सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर ते संरक्षण चालू करायचं राहून गेलं. एका खेळाडूने आगीचा मंत्र टाकला आणि राजा जागच्या जागी मेला.

मला सगळ्यात भावतो तो 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधला सप्टेंबर २००५चा प्रकार. झुल'गुरुब नावाच्या मोहिमेत हक्कार हा शेवटचा शत्रू खेळाडूंना 'करप्टेड ब्लड'ची बाधा करायचा. जवळ उभ्या असलेल्यालाही ती लागायची, पण मोहिमेबाहेर जाऊ नये अशी व्यवस्था होती. फक्त शिकारी झालेल्या खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांचा विचार कुणी केला नव्हता. बाधा झालेला प्राणी परत पाठवला आणि शहरात जाऊन पुन्हा बोलावला, की बाधा त्याच्यासोबत हजर. दुकानदार वगैरे पात्रं स्वतः मरत नव्हती, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला देत होती. कमी लेव्हलचे खेळाडू क्षणात मरत होते. शहरं ओस पडली, कुणी उपचाराला धावले, तर काहींनी मुद्दाम पसरवली. गेमच्या ब्लिझार्ड कंपनीला शेवटी सर्व्हर रीसेट करावे लागले. २००७ मध्ये लॉफग्रेन आणि फेफरमन या संशोधकांनी यावर 'द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस' या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला, खऱ्या साथीत माणसं कशी वागतील याचा अंदाज यातून घेता येईल का म्हणून. आमच्या बाकाचं मूळही तेच. समोर काय आहे ते तपासलं, मागे काय आहे ते राहिलं.

आता माझं प्रकरण. जुलैतली रात्र, बाहेर धो धो पाऊस. मी गिल्डच्या तिजोरीत एक चिलखत ठेवत होते. 'ठेवा' दाबलं आणि लाईट गेली. राउटर बंद. वीस मिनिटांनी परत आले तर चिलखत तिजोरीतही होतं आणि माझ्या पिशवीतही.

मी सहकारी बँकेत काउंटरवर आहे. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा झाली नाही, किंवा उलट झालं, तर आमच्याकडे संध्याकाळी कुणी घरी जात नाही. दोन्ही नोंदी होतात, नाहीतर दोन्ही रद्द होतात. नाशिकचे एक दादा प्रोग्रामर आहेत, त्यांनी अंदाज सांगितला: तिजोरीची नोंद बहुतेक लगेच सेव्ह होते आणि पिशवीची काही मिनिटांनी. मधल्या वेळात कनेक्शन तुटलं की जमा झालं, वजा झालंच नाही. त्याच रात्री मी स्क्रीनशॉट जोडून कंपनीकडे तिकीट (तक्रार) टाकलं आणि जास्तीचं चिलखत तसंच ठेवलं, विकलं नाही.

उत्तर अकरा दिवसांनी आलं, तेही छापील. तोवर ही युक्ती सगळ्यांना कळली होती. लोक मुद्दाम नेट तोडून वस्तू आणि नाणी दुप्पट करत होते. मी तीन महिने वनस्पती गोळा करून विकल्या, ३८,००० नाणी साठवली, कारण करडा घोडा ४०,०००ला होता. अकराव्या दिवशी तोच घोडा सहा लाखांना. नव्याने आलेल्या पोरांना साधं औषध परवडेना.

'न्यू वर्ल्ड' या दुसऱ्या गेममध्ये नोव्हेंबर २०२१ मध्ये सोनं दुप्पट करायचा ग्लिच निघाला तेव्हा तो गेम काढणाऱ्या ॲमेझॉनने देवाणघेवाण, लिलाव, सगळे व्यवहार बंदच करून टाकले होते. खेळाडूंची गैरसोय झाली, पण मला तो निर्णय योग्य वाटतो. गळती लागली की आधी कॉक बंद करायचा. आमच्याकडे लिलावघर अकरा दिवस उघडं होतं.

मग एकदम रोलबॅक, म्हणजे सगळा गेम तीन दिवस मागच्या स्थितीला. ज्यांनी आधीच दुप्पट केलं होतं त्यांचं बरंचसं शाबूत राहिलं. आमच्या दादांना दोन महिन्यांनी मिळालेलं धनुष्य त्याच तीन दिवसांतलं होतं, ते गेलं. माझ्याही दुर्मिळ वनस्पती गेल्या. वर माझं खातं ७२ तास बंद, कारण 'ग्लिचचा गैरफायदा'. तिकीट नंबर पाठवल्यावर उघडलं, माफीचा शब्द नाही.

शिक्षा नकोच असं मी म्हणत नाही. जून २००६ मध्ये 'रूनस्केप' या गेममध्ये एका खेळाडूच्या गेममधल्याच घरच्या पार्टीतून बाहेर काढलेल्यांपैकी एकाला, जिथे मारामारीला बंदी आहे तिथेही इतरांना मारता येऊ लागलं. समोरच्याला उलट वार करता येत नव्हता. त्याने लोकांना मारून त्यांच्या वस्तू लुटल्या आणि गेमच्या जॅगेक्स कंपनीने त्याला कायमचं काढलं. बरोबरच केलं. पण बाकातून कोठारात जाणारा कुणाचं काय नेतो? आणि आमच्या कंपनीने ऑगस्टच्या अपडेटमध्ये आधी तो बाक दुरुस्त केला. आता उठलं की मुकाट्याने घोड्याच्या बाजूला उभे. तिजोरीचा दोष त्यानंतरच्या अपडेटमध्ये गेला.

नवीन घेणाऱ्यांनी राउटरला छोटा यूपीएस लावा आणि पावसात लाईट ये-जा करत असेल तर तिजोरीला हात लावू नका. काही दुप्पट झालंच तर त्याच मिनिटाला तिकीट टाका आणि नंबर जपून ठेवा, मला त्यानेच वाचवलं.

आमचा गिल्ड अजूनही रात्री दहाला खानावळीमागे जमतो, कोठाराच्या बाहेर. सध्या पाचपैकी तीन तारे. दादांचं धनुष्य परत आलं तर चार करीन, आणि बाक पूर्वीसारखा करून दिला तर पाच.