एचडीआरआय लायटिंग: आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिन्यांपूर्वीपर्यंत माझ्या प्रत्येक थ्रीडी सीनमध्ये तीन लाइट असायचे: एक मुख्य, एक सावल्या उजळायला, एक मागून कडा दाखवायला. वस्तू छान दिसायची, पण ती कुठल्या जागेत आहे ते काही केल्या कळायचं नाही. म्हणून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स रेंडर इंजिनमध्ये एचडीआरआयकडे, म्हणजे खऱ्या जागेच्या प्रकाशाची तीव्रता साठवणाऱ्या फोटोने सीन उजळण्याकडे वळले, आणि आता त्याशिवाय कामाला सुरुवातच करत नाही.

कल्पना जुनी आहे. संगणक-ग्राफिक्सचे संशोधक पॉल डेबेवेक यांनी १९९८ च्या सिग्राफ परिषदेत ती मांडली. आरशासारख्या चकचकीत गोळ्याचे वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो एकत्र करायचे आणि त्या जागेचा खरा प्रकाश मोजून कृत्रिम वस्तूवर टाकायचा. आज असे ३६० अंशांचे फोटो तयार मिळतात; त्यांनाच मी पुढे नकाशे म्हणते. पॉली हेवन या संकेतस्थळावर तर ते सीसी-शून्य परवान्याने, म्हणजे कशाही वापरासाठी, अगदी मोफत आहेत.

फरक मला पहिल्यांदा दिसला तो एका स्टीलच्या किटलीवर. जुन्या पद्धतीत तिच्या पोटावर तीन पांढरे चौकोन उमटायचे, बाकी सगळं करडं. खिडकी असलेल्या खोलीचा नकाशा लावला आणि पोटावर खिडकीची चौकट वाकून उतरली, हँडलच्या आतल्या बाजूला भिंतीचा पिवळसरपणा आला, झाकणाच्या कडेला बारीक गडद रेघ दिसली. ती गडद रेघ मी हाताने कधीच लावली नसती. धातू आणि काच करायची असेल तर एवढ्या एका कारणासाठीही हे शिकावं.

आता उन्हाचं. इथे माझे दोन महिने गेले. एका ठिकाणाहून घेतलेल्या भर दुपारच्या नकाशात आकाश निळं, सूर्य ढळढळीत, तरी सावल्या ढगाळ दिवसासारख्या फिकट. मी स्ट्रेंग्थ (नकाशाची एकूण उजळता) वाढवत राहिले, तसं आकाश जळत गेलं. सावली होती तशीच. शेवटी इमेज एडिटरमध्ये सूर्याच्या पिक्सेलवर क्लिक करून आकडा पाहिला. शेजारच्या आकाशापेक्षा जेमतेम वीस-पंचवीस पट! प्रत्यक्षात सूर्यबिंब निळ्या आकाशाच्या लाखो पट तेजस्वी असतं. फोटो काढतानाच सूर्य कापला गेला होता आणि कापलेला प्रकाश स्ट्रेंग्थ वाढवून परत येत नाही. असे नकाशे ज्या ओपनईएक्सआर फॉरमॅटमध्ये मिळतात त्याच्या १६ बिटी फाइलमध्येही कमाल आकडा ६५,५०४ च असतो, तेव्हा नुसतं एक्सटेन्शन बघून भरवसा ठेवू नका. नकाशा घेतला की आधी तो पिक्सेल तपासायचा, ही सवय मला तेव्हा लागली.

शिवाय सूर्यबिंब आकाशात जेमतेम अर्धा अंश व्यापतं. ४०९६ पिक्सेल रुंदीच्या नकाशात ते सहा पिक्सेलचं होतं, १०२४ च्या नकाशात दीड. सावलीची कड त्यावर ठरते. म्हणून उन्हाच्या सीनसाठी मी नकाशातला सूर्य पुसून आजूबाजूच्या आकाशाचा रंग भरते आणि वेगळा सन लाइट लावते, कोन ०.५३ अंश. दिशा जुळवायला पुसण्याआधी जमिनीवर एक बारीक काठी उभी करते. नकाशाची सावली आणि सन लाइटची सावली एकमेकींवर बसेपर्यंत लाइट फिरवायचा, मग काठी काढून टाकायची. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी मर्यादा तंत्रातच आहे. नकाशातला सगळा प्रकाश अनंत अंतरावरून येतो असं धरलेलं असतं. खोलीचा नकाशा लावून दहा खुर्च्या ओळीने मांडल्या तर दहाही खुर्च्यांवर उजेड तंतोतंत सारखा पडतो. खिडकीजवळची जास्त उजळ आणि कोपऱ्यातली अंधारी हे होतच नाही. तिथे खिडकीच्या जागी एरिया लाइट, म्हणजे सपाट चौकोनी दिवा, द्यावाच लागतो. एकट्या वस्तूसाठी मात्र नकाशा पुरतो.

बंद खोलीत बाहेरचा नकाशा फक्त एका खिडकीतून आत येत असेल तर नॉइज, म्हणजे चित्रात दाणेदारपणा, फार येतो. खिडकीवर पोर्टल (प्रकाश इथून आत येतो असं सायकल्सला सांगणारा एरिया लाइट) लावल्यावर माझ्याकडे तो बराच कमी झाला. मेमरीचंही भान ठेवा. ८१९२ बाय ४०९६ चा नकाशा ३२ बिटी चार चॅनेलमध्ये उघडला की अर्ध्या जीबीच्या आसपास जागा खातो. पार्श्वभूमीला तो दिसणार नसेल तर मी ढगाळ किंवा घरातल्या प्रकाशासाठी २०४८ चाच वापरते आणि रेंडरमध्ये फरक ओळखू येत नाही. आरशासारखी वस्तू असेल तेव्हाच मोठा.

नकाशा निवडताना मी आता देखावा बघत नाही. करड्या मॅट गोळ्यावर तो लावते, उभ्या अक्षाभोवती हळूहळू फिरवते आणि गोळ्याची उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू यांत नीट अंतर पडतं का तेवढंच बघते. सुंदर सूर्यास्ताचे बरेच नकाशे या गोळ्यावर सपाट निघाले. सध्या माझ्याकडे जे अकरा नकाशे उरलेत, त्यांतला सर्वांत जास्त वापरला जाणारा एका रिकाम्या गोदामाचा आहे: दोन उंच खिडक्या, बाकी अंधार.