ज्येष्ठमधाची अर्क पावडर: कशात विरघळते ते पाकीट सांगत नाही

घरी क्रीम करायला धुळ्याच्या एका दुकानातून आणली. 50 ग्रॅम, 180 रुपये. पाकिटावर ‘10:1’ ठळक छापलंय, म्हणजे दहा किलो मुळांचा एक किलो अर्क. पण पाण्यात विरघळते की तेलात, याचा पत्ता नाही. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, “ताई, कशातही टाका.”

खोबरेल तेलात टाकली. दोन दिवसांनीही तळाशी तपकिरी गाळ आणि वर तेल जसंच्या तसं. बाटली हलवली की मिसळल्यासारखी वाटते, ठेवली की परत खाली. शेवटी चिमूटभर जिभेला लावली, तर गोड! तिथेच उलगडा झाला. ज्येष्ठमधाचा गोडवा ग्लिसरायझिनचा, आणि ते पाण्यातलं गिऱ्हाईक. रंग उजळण्यासाठी ज्याचा गवगवा असतो ते ग्लॅब्रिडिन निराळं, पाण्यात जवळजवळ उतरतच नाही. त्याचा अर्क वेगळा मिळतो आणि बराच महाग असतो. म्हणजे पाकिटावरच्या ‘उजळ त्वचा’वर फार भिस्त ठेवू नका.

पाण्यात थेट टाकली तर गुठळ्या. मिक्सर फिरवला तर घुसळलेल्या ताकासारखा फेस, तो बसायला संध्याकाळ झाली. सासूबाई स्वयंपाकघरात डोकावून म्हणाल्या, “हाई काय करी ऱ्हायनी व माय?” मग फुणक्यांच्या कढीला बेसन कालवतो तसंच केलं. 2 ग्रॅम पावडर 6 ग्रॅम ग्लिसरीनमध्ये चमच्याने घोटली, गुठळी मोडली, मग कोमट पाणी थोडं थोडं घालत 100 ग्रॅम केलं. मलमलीतून गाळलं. कोऱ्या चहासारखं स्वच्छ पाणी मिळालं.

पहिलं पाणी प्रिझर्व्हेटिव्हशिवाय ठेवलं होतं, पाचव्या दिवशी आंबूस वास. दुसऱ्यात सोडियम बेंझोएट घातलं. ते आम्लातच काम करतं म्हणून सायट्रिक ॲसिडचे चार दाणे टाकले, आणि डोळ्यांदेखत सगळं गढूळ! आम्ल लागलं की ग्लिसरायझिन पाण्यातून बाहेर पडतं, हे ओतून दिल्यावर कळलं. आता 1 टक्क्याच्या आत फिनॉक्सीइथेनॉल घालते, त्याला आम्लाची गरज नाही.

क्रीम 40 अंशांच्या खाली आल्यावर त्यात अर्क घाला म्हणतात. मे महिन्यात अमळनेरला दुपारी खोलीच त्याच्या खाली येत नाही, मी पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवलं. क्रीम छान झालं. किंचित बदामी रंग, वास जवळजवळ नाहीच. जाऊबाईंनी अर्धी डबी नेली.

पावडर वाईट नाही, पाचपैकी तीन तारे. दोन कापले ते लेबलचे. अजून 30-35 ग्रॅम उरली आहे. पाकिटावर मी स्केचपेनने ‘पाण्यात. आंबट नको.’ एवढं लिहून ठेवलंय.